मुलाखत घेणारे आले नाहीत

नोकरीसाठी अर्ज केलेल्या पदवीधरांच्या मुलाखती ती बघत असे. घेत नसे, नुसत्या बघत असे. कंपनी मोठी होती. थंड गोदामं आणि मालवाहू गाड्या असा तिचा पसारा होता आणि कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींची भरती ती दरवर्षी करायची. अर्ज इतके येत की सगळ्यांना समोर बसवून प्रश्न विचारायला माणसं पुरत नसत. म्हणून पहिली फेरी यंत्रावर सोपवली होती. उमेदवाराने घरी बसून लिंक उघडायची. पडद्यावर प्रश्न उमटायचा, खाली सेकंद उलटे धावू लागायचे आणि उमेदवाराने कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं. असे चार प्रश्न. पलीकडे कोणीही नसे. रेकॉर्डिंग साठून राहायचं आणि मग एखादी तपासनीस ते बघून गुण द्यायची. ती त्या तपासनिसांपैकी एक होती.

काम ती राहत्या खोलीतून करायची. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला टेकवलेली लोखंडी कॉट आणि कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा. खिडकीतून शेजारच्या इमारतीची मागची भिंत दिसायची, तिच्यावर पाण्याचे पाईप आणि एका पाईपातून सतत गळणारं पाणी. खाली राहणाऱ्या घरमालकिणीचा पक्का समज होता की या मुलीला नोकरी नाही, कारण नोकरी असलेली माणसं सकाळी बाहेर पडतात. मुलीने दोनदा समजावून सांगितलं होतं. मालकीणबाई दोन्ही वेळा मान हलवून म्हणाल्या होत्या, होईल गं काहीतरी, धीर सोडू नकोस. तिसऱ्यांदा सांगण्याच्या फंदात ती पडली नाही.

दिवसभर तिच्यासमोर चेहरे असायचे. कोणी कपाटाला टेकून बसलेला, कोणी मागे चादर ताणून बसलेली, कोणाचे डोळे कॅमेऱ्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावरून डावीकडून उजवीकडे सरकत असलेले. एवढ्या लोकांच्या घरातल्या भिंती तिला पाठ होत्या, पण त्यातल्या एकालाही ती माहीत नव्हती. तपासनिसाने स्वतःचा कॅमेरा लावायचा नाही, उमेदवाराशी संपर्क करायचा नाही, असा नियम होता. उमेदवारांचे फोन नंबर तिला दिसतच नसत. तिच्यासारख्या बाकीच्या तपासनीस म्हणजे पडद्याच्या कडेला असलेले हिरवे ठिपके. ठिपका राखाडी झाला की ती बाई जेवायला गेली असं समजायचं. या सगळ्यांवर देखरेख करणाऱ्याला सगळे कप्तान म्हणत. तो कसा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. आवाजावरून चाळिशीचा आणि सर्दी झालेला वाटायचा.

दर रविवारी ताईचा फोन यायचा. ताई थोरली, तिचं लग्न होऊन घर मुलांनी भरलेलं. आमची साहेबीण काय म्हणते, असं ती सुरुवातीलाच विचारायची आणि उत्तर यायच्या आत मुलांवर ओरडायला जायची. फोन संपल्यावर पुढच्या रविवारपर्यंत धाकटीला मोठ्याने बोलायचं फारसं कारण पडत नसे. दुकानात वस्तू पिशवीत टाकून पैसे फोनवरून देता येत, त्यामुळे तिथेही काम मुक्यानेच व्हायचं.

रेकॉर्डिंग दीडपट वेगाने बघायची सगळ्यांना मुभा होती. त्या दिवशीही ती तशीच बघत होती, तेव्हा एक मुलगा समोर आला आणि बोललाच नाही.

न बोलणारे अधूनमधून येत. कोणाचा माइक बंद असे, कोणी घाबरून उठून जाई. त्यासाठी ‘प्रतिसाद नाही’ असं एक बटण होतं. ते दाबलं की अर्ज तिथेच संपायचा आणि पुढचा चेहरा यायचा. तिचा हात बटणाकडे गेलाही होता. पण हा मुलगा घाबरलेला दिसत नव्हता. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, हात मांडीवर, नजर थेट समोर. तो कोणाची तरी वाट बघत होता. तिने वेग नेहमीसारखा केला आणि आवाज वाढवला.

पडद्याबाहेरून एका पुरुषाचा दबका आवाज आला. “आले का?”

“नाही अजून,” मुलगा ओठ फारसे न हलवता म्हणाला.

“पाठ सरळ ठेव. येतील.”

“बाबा, खाली आकडे पळतायत.”

“पळू देत. त्यांच्या घड्याळाचं काहीतरी असेल. प्रश्न दिसतोय ना?”

“दिसतोय. स्वतःबद्दल सांगा.”

“मग वाचून ठेव. पेपर आधीच फुटला म्हणायचा.”

मुलगा हसला आणि लगेच गंभीर झाला. पहिल्या प्रश्नाची वेळ संपली. दुसरा प्रश्न आला. आता एका बाईने विचारलं की पाणी आणून देऊ का. वडील म्हणाले, नको, नेमकं पाणी पिताना साहेब आले तर काय दिसेल. बाहेर कुठेतरी ड्रिल चालू झालं, बाई उठून गेल्याचा आवाज आला, पाठोपाठ ड्रिल बंद पडलं. तिने जाऊन कोणाला तरी सांगितलं असणार, आमच्याकडे मुलाखत चालू आहे.

तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी मुलगा पहिल्यांदा डळमळला. त्याने हळूच विचारलं की आपलं काही चुकत तर नाही ना, मीच बोलायला सुरुवात करू का.

“कोणाशी बोलणार?” वडील म्हणाले. “समोर माणूस आल्याशिवाय बोललास तर वेड्यात काढतील. अरे, माझा जन्म गेला साहेबांची वाट बघण्यात. विमानतळावर पाटी धरून उभा राहायचो. ते येतात. उशिरा येतात, पण येतात.”

वडील ड्रायव्हर होते तर. मुलाचा शर्टही त्यांचाच असावा, खांद्यावर जरा मोठा होता.

चौथा प्रश्नही तसाच आला आणि गेला. पडद्यावर आभाराचा मजकूर उमटला असावा, कारण मुलगा उठून उभा राहिला आणि रिकाम्या पडद्याला म्हणाला, धन्यवाद सर. आता फक्त शर्टाची बटणं दिसत होती. वडिलांनी विचारलं, झालं? मुलगा म्हणाला, झालं म्हणतंय. वडील म्हणाले, पण आले कुठे ते? तिथे रेकॉर्डिंग तुटलं.

नियमाने एवढं सगळं बघायची गरज नव्हती. आवाज नसलेली पहिली काही सेकंदं पुरत. ‘प्रतिसाद नाही’ दाबलं असतं तर मुलाला कंपनीकडून एक गोड शब्दांतलं पत्र गेलं असतं आणि त्या वर्षीचा त्याचा अर्ज बाद झाला असता. पुन्हा संधी फक्त तांत्रिक बिघाड असेल तर. इथे बिघाड काही नव्हता, चित्र स्वच्छ होतं आणि आवाज तर नको तितका स्वच्छ होता.

तिने बटण दाबलं नाही. चाचणीसाठी तपासनिसांना एक खोटं उमेदवार-खातं दिलेलं होतं, ते कोणी वापरत नसे. तिने ते उघडलं. त्या मुलाला नेमकं काय दिसलं असेल हे तिला बघायचं होतं. आधी एक फोटो आला, कानाला माइक लावलेल्या हसऱ्या बाईचा. खाली ओळ होती, ‘तुमच्या मुलाखतकारांना भेटायला तयार आहात?’ आणि त्याखाली एकच बटण, ‘हो’.

तिने ‘हो’ दाबलं. पडद्यावर तिचा स्वतःचा चेहरा आला. आरशाशिवाय इतक्या जवळून तिने तो बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. वर प्रश्न होता, स्वतःबद्दल सांगा. सेकंद पळू लागले. बोलायची काहीच गरज नव्हती, पण ती बोलायला गेली आणि पहिला शब्द घशातच अडकला, कारण रविवारनंतर तिने आवाज वापरलेला नव्हता. खाकरून तिने नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मी मुलाखती बघते, म्हणाली. पुढे काय सांगावं ते सुचेना. उरलेला वेळ ती पडद्यातल्या स्वतःकडे बघत बसली. पडद्यातली तीही तशीच बसून होती. दुसरा प्रश्न यायच्या आत तिने ते खातं बंद केलं आणि कप्तानाला फोन लावला.

कप्तानाला सहसा कोणी फोन करत नसे, लिहून कळवायची पद्धत होती. त्यामुळे त्याने आधी विचारलं, राजीनामा देतेयस का. ती नाही म्हणाली. मग बोल, पण थोडक्यात, तो म्हणाला.

तिने मुलाचं सांगितलं. वडिलांचं सांगितलं. विमानतळाची पाटी ऐकून कप्तान मोठ्याने हसला, मग त्याला खोकला आला. खोकून झाल्यावर तो म्हणाला की प्रकार गोड आहे, पण ज्याला सूचना वाचता येत नाहीत त्याच्या ताब्यात गोदामाचा माल कोण देणार. आणि अशा एकेकाला परत बोलवत बसलो तर भरती पुढच्या वर्षी संपेल.

“सूचना मी आत्ता वाचल्या,” ती म्हणाली. “तुम्ही वाचल्यात?”

“मला काय गरज?”

“उघडून बघा ना. मी थांबते.”

कुरकुरत त्याने ते उघडल्याचं तिला ऐकू आलं. त्याने ओळ मोठ्याने वाचली, मुलाखतकारांना भेटायला तयार आहात.

“हे कोणी लिहिलंय?” तिने विचारलं.

“मीच लिहिलंय वाटतं,” कप्तान म्हणाला. “तेव्हा खरंच भेटायचो आम्ही. समोर बसायचो कॅमेऱ्यात. मी स्वतः घ्यायचो मुलाखती.” मग म्हणाला, “बाईंचा फोटो पण तेव्हाचाच आहे. गेल्या त्या सोडून.”

त्याने ती ओळ बदलायचं कबूल केलं. मुलाला दुसरी लिंक द्यायचंही कबूल केलं, तांत्रिक बिघाड या सदरात. बिघाड कुठला लिहायचा ते तू बघ, म्हणाला, आणि याआधी तू किती जणांचं ‘प्रतिसाद नाही’ दाबलंयस ते उकरून काढू नकोस, कारण मग मलाही माझं काढावं लागेल. ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर असे काही चेहरे आठवायचा तिने प्रयत्न केला, पण ते पडद्यावर फार थोडा वेळ होते.

दुसऱ्या लिंकबरोबर एक छोटा निरोप जोडता येत असे. तपासनिसाला उमेदवाराशी बोलायची तेवढीच फट होती. तिने बराच वेळ शब्द खालीवर केले. शेवटी लिहिलं, ‘या मुलाखतीला कोणीही येणार नाही. कृपया वाट पाहू नये. प्रश्न दिसताच बोलायला सुरुवात करावी.’ पुन्हा वाचल्यावर ते तिला जरा रूक्ष वाटलं, पण अर्थाला कुठे फाटा फुटत नव्हता. तिने ते पाठवलं.

त्या रविवारी तिने ताईला हे सगळं सांगितलं. ताई आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, अगं पण वडील शेजारी बसले होते हे किती छान. तू नोकरीसाठी असंच काहीतरी दिलं होतंस तेव्हा कोण होतं गं शेजारी? कोणी नव्हतं, ती म्हणाली. ताई म्हणाली, तुझ्या भावजींना विचारून बघते, सुटीत येऊन जाऊ आम्ही तुझ्याकडे. मग मुलांपैकी कोणीतरी काहीतरी सांडलं आणि फोन बंद झाला.

मुलाचं दुसरं रेकॉर्डिंग आलं. पहिलं जिने बघितलं तिच्याकडेच दुसरं यायचं, अशी पद्धत होती. दीडपट वेग तिने आधीच काढून ठेवला होता.

तोच शर्ट, तीच खुर्ची. पडद्याच्या डाव्या कडेला या वेळी कोणाचा तरी गुडघा दिसत होता, इस्त्रीची घडी असलेल्या पँटमधला. प्रश्न उमटल्याबरोबर मुलगा बोलायला लागला. पहिली दोन उत्तरं पाठ केलेली होती. शेकडो मुलं देतात तीच उत्तरं, त्याच क्रमाने. मेहनती आहे, शिकायची तयारी आहे, मिळून काम करायला आवडतं. ती बरी होती. वाईट नव्हती.

तिसरा प्रश्न होता, एखाद्या अडचणीच्या प्रसंगी तुम्ही काय केलंत ते सांगा. मुलगा थांबला. पाठ केलेलं त्याला आठवत होतं हे दिसत होतं, पण त्याने ते बाजूला ठेवलं.

“परवा माझी मुलाखत होती,” तो म्हणाला. “याच कंपनीत. घेणारे साहेब आले नाहीत. म्हणजे येणार होते, पण आले नाहीत. आम्ही थांबलो. नंतर घरात सगळे म्हणत होते तक्रार कर. मी म्हटलं नको, माणसाला काहीही होऊ शकतं. बाबा म्हणाले गाडी बंद पडली असेल. मग कंपनीचा निरोप आला की कोणी येऊ शकणार नाही, तुम्ही बोलायला लागा. म्हणजे अजून त्यांना जमत नाहीये. तेव्हा जरा काळजी वाटली. मी अडचणीत काय केलं म्हणाल तर काही नाही केलं. थांबलो. आणि आता बोलतोय.” सेकंद शिल्लक होते. तो ते बघून पुढे म्हणाला, “ते बरे आहेत ना, एवढं कोणी कळवलं तर बरं होईल. बाबा सारखे विचारतायत.”

“मी कुठे,” गुडघा हलला. “तुझी आई विचारतेय.”

वेळ संपली. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुलाने पुन्हा पाठ केलेलं दिलं.

ती उठून ओट्यापाशी गेली, पेलाभर पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. गुण द्यायचे होते. तिसऱ्या उत्तराला तिने पूर्ण गुण दिले. मग पहिल्याला पूर्ण दिले, दुसऱ्याला दिले, चौथ्याला दिले. एवढ्या गुणांवर मुलगा नक्की पुढे गेला असता. तिने पहिलं उत्तर परत लावून ऐकलं. त्याला पूर्ण गुण देण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुसऱ्या कोणी ते म्हटलं असतं तर तिने मधले गुण दिले असते, कालच तीन मुलींना दिले होते. तिने गुण कमी केले. मग तो अन्याय वाटला म्हणून वाढवले. पुन्हा कमी केले. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की या मुलाला आपण कितीही गुण दिले तरी ते खरे असणार नाहीत.

पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक चौकट असायची. ‘उमेदवार आपल्या ओळखीचा आहे का?’ तिथे खूण केली की रेकॉर्डिंग दुसऱ्या तपासनिसाकडे जात असे. या शहरात तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं, त्यामुळे त्या चौकटीकडे तिने कधी पाहिलंही नव्हतं.

खूण केली तर काय होईल हे तिला कळत होतं. दुसरी कोणीतरी दीडपट वेगाने हे बघणार. तिसरं उत्तर ऐकून तिला वाटणार की पोरगा कंपनीलाच टोमणा मारतोय. तो तिथेच गळू शकत होता, आणि त्याच्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत इथे दार बंद. तिने खूण केली.

लगेच पुढचा प्रश्न आला, नातं. नातेवाईक, मित्र, शेजारी, सहकारी, इतर. तिने ‘इतर’ निवडलं. तिथे एक वाक्य लिहिणं भाग होतं. तिने लिहिलं, ‘यांची मुलाखत मी घेणार होते. मला यायला जमलं नाही.’ गुण पुसले आणि रेकॉर्डिंग पाठवून दिलं. ते तिच्या पडद्यावरून गेलं.

पुढचे काही दिवस ती नेहमीसारखं काम करत राहिली. तपासनिसांना निकाल कळत नसत, तो त्यांचा प्रांत नव्हता. गुरुवारी दुपारी, ती उभ्या उभ्या जेवत असताना, कप्तानाचा फोन आला.

“तुझा शेरा माझ्यापर्यंत आलाय,” तो म्हणाला. “तू कधीपासून मुलाखती घ्यायला लागलीस?”

“नाही लागले.”

“मग हे काय लिहिलंयस?”

“खरं आहे ते.”

कप्तानाने त्यावर वाद घातला नाही. मुलगा पुढच्या फेरीला गेला, एवढंच त्याने सांगितलं. काठावर होता. दुसऱ्या तपासनिसाने पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या उत्तराला चांगले गुण दिले होते. तिसऱ्याला शून्य. शेरा, ‘मुद्दा सोडून बोलतो’.

तिने हातातली ताटली ओट्यावर ठेवली. कप्तानाने विचारलं, ऐकतेयस ना.

“पुढची फेरी यंत्रावर आहे का?” तिने विचारलं.

“नाही, समोरासमोर. हेड ऑफिसला. तीन जण बसतील.”

“माणसं?”

“मग काय पुतळे बसवणार?”

“त्यांना वेळेच्या आधी बसवून ठेवाल का?” ती म्हणाली. “तो खोलीत शिरेल तेव्हा ती तिथे असू देत.”

पलीकडे कप्तान नाक शिंकरत होता. ते संपल्यावर तो म्हणाला की मोठी माणसं आहेत ती, त्यांना वेळ सांगणारा मी कोण. मग म्हणाला, “बघतो. एकाला तरी बसवतो. नाहीतर मी जाऊन बसेन.”

तिने बरं म्हटलं. ताटली धुऊन ती टेबलाशी आली. पडद्यावर पुढची उमेदवार थांबलेली होती, मागे ताणलेल्या चादरीची एक घडी हाताने सारखी करत असलेली एक मुलगी. तिने रेकॉर्डिंग सुरू केलं, साध्या वेगाने.